जुन्या पॅसेंजर जेटला विंगलेट बसवायचंय? आधी विंग बघा, किट नंतर

विंगलेट, म्हणजे विंगच्या (विमानाच्या पंखाच्या) टोकाला वर वळलेला भाग, त्यानं इंधन का वाचतं हे इथे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे दहा-पंधरा-वीस वर्षं उडालेलं विमान आहे, मॅनेजमेंटनं "विंगलेट लावून टाका" म्हटलंय, आणि आता प्लॅनिंग, इंजिनिअरिंग किंवा हँगर फ्लोअरवर ते काम अंगावर आलंय. जवळपास प्रत्येक वेळी एकच घोळ होतो, किट आधी ऑर्डर होतं, चेकचा (मोठ्या देखभाल तपासणीचा) स्लॉट बुक होतो, आणि विंग नीट कोणी उघडून बघतं ते विमान हँगरमधे आल्यावर. मग टोकाच्या रिबजवळ (पंखाच्या आतल्या फासळीजवळ) कुठलातरी जुना पॅच सापडतो आणि सगळं थांबतं.

प्रत्यक्ष विंगलेट बसवणं हा या कामाचा छोटा भाग आहे. खरं काम विंगच्या आत आणि नंतर कागदावर आहे. तेव्हा क्रम पाळा.

१. आधी सेक्टरचा हिशोब

विंगलेटचा फायदा मुख्यतः क्रूझमधे मिळतो. वजन मात्र तुम्ही प्रत्येक टेकऑफला उचलता. त्यामुळे ज्या विमानाचे बहुतेक सेक्टर (एका टेकऑफपासून लँडिंगपर्यंतची उड्डाणं) तासाभराच्या आतले आहेत त्याला ब्रोशरमधला आकडा कधीच दिसणार नाही. बोईंगनं ७४७-४०० ला विंगलेट दिले पण जपानमधल्या छोट्या देशांतर्गत सेक्टरसाठी जे ७४७-४००डी बनवलं त्याला दिले नाहीत, यात सगळं आलं.

ब्रोशरमधे साधारण ४-५ टक्क्यांपर्यंतचे आकडे असतात, ते लांब सेक्टरचे असतात. तुमच्या टेल नंबरचा, म्हणजे त्या एका विमानाचा, गेल्या वर्षाचा सेक्टर डेटा काढा, सरासरी नको, वाटणी बघा, म्हणजे किती उड्डाणं तासाच्या आत, किती तीन तासांच्या वर असं. सरासरी फसवते, अर्धी उड्डाणं ४० मिनिटांची आणि अर्धी चार तासांची असली तरी सरासरी छानच दिसते.

दुसरं, विमान अजून किती वर्षं ठेवणार? लीजवर असेल तर मालकाची लेखी परवानगी आत्ताच घ्या, आणि परत देताना विंगलेट लावलेलं चालेल की मूळ टिप परत लावून मागणार हेही लिहून घ्या. हा प्रश्न शेवटी विचारणारे खूप पाहिलेत.

२. तुमच्या विमानाला ते किट चालतं का

"७३७ चं किट" असं काही नसतं. कुठलं व्हेरिएंट, कुठला लाइन नंबर (कारखान्यातला क्रमांक), कुठलं वजन ऑप्शन यावर सगळं ठरतं. कारखान्यातून नंतर निघालेल्या विंगमधे टोकाकडे मजबुती आधीच केलेली असू शकते, जुन्या विंगमधे तीच मजबुती तुम्हाला आत जाऊन करावी लागते. नाव एकच, पण कामाच्या तासांत जमीन-अस्मानाचा फरक. एअरबस ए३२० च्या शार्कलेटचंही (एअरबसच्या विंगलेटचंही) तेच, जुन्या विंगला आधी आतून मजबूत करावं लागतं. आणि ७३७ एनजी वर जो दोन टोकांचा स्प्लिट सिमिटार प्रकार दिसतो तो आधीच्या ब्लेंडेड विंगलेटवर चढतो, तेव्हा खाली काहीच नसताना थेट तोच मागवला असं करू नका.

इथे तीन गोष्टी कागदावर हव्यात:

- एसटीसीच्या (सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, विमानातल्या बदलाला नियामकानं दिलेली मंजुरी) लागू होणाऱ्या विमानांच्या यादीत तुमचा सिरीयल नंबर
- एसटीसी धारकाकडून याच विमानासाठी वापराची लेखी परवानगी
- ज्या देशात विमान रजिस्टर्ड आहे त्या नियामकानं ते एसटीसी मान्य केलंय याचा पुरावा. अमेरिकेच्या एफएएनं दिलं म्हणजे सगळीकडे आपोआप चाललं असं नसतं

⚠️ दुसऱ्या मॉडिफिकेशनशी भांडण: विमानावर आधीच बसलेली एसटीसी बघा. वजन वाढवलेलं, कार्गो कन्व्हर्जन, सॅटेलाइट अँटेना, वेगळी फ्युएल क्वांटिटी सिस्टीम. प्रत्येक एसटीसी स्वतंत्रपणे बरोबर असेल पण दोन्ही एकत्र कोणीतरी तपासलंय का? हा कागद बहुतेक वेळा नसतो आणि तो मिळवायला वेळ जातो.

याच टप्प्यावर जागेचंही बघून घ्या. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) कोड सी मधे विंगस्पॅन ३६ मीटरच्या आत लागतो, कोड डी मधे ५२ मीटरच्या आत. ७३७-८०० साधारण ३४.३ वरून ३५.८ मीटरवर जातं, ए३२० ३४.१ वरून ३५.८ वर, म्हणजे दोन्ही काठावर पण आत. ७६७-३००ईआर ४७.६ वरून ५०.९ वर, तेही आत. ७५७ मुळातच ३८ मीटर, ते ४१ च्या पुढे जातं. कोड बदलत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, कारण तुमच्या हँगरचं दार आणि डॉकिंगचे खाचे आयसीएओ विचारून बनवलेले नसतात.

३. टोकाच्या रिपेअर्सचा नकाशा

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

जुन्या विमानाची विंगटिप म्हणजे कायम कशाला तरी घासणारी जागा. कधी डी-आयसिंगचा ट्रक, कधी डॉक, कधी शेजारचं विमान. तेव्हा डेंट अँड बकल चार्ट (पोच्यांची नोंद) काढा, सगळे स्ट्रक्चरल रिपेअर रेकॉर्ड काढा, आणि किटच्या ड्रॉइंगवर बाहेरच्या भागातला प्रत्येक रिपेअर हातानं मार्क करा. पहिल्या दिवसापासूनचे, आधीच्या मालकाकडचे सुद्धा. जिथे किटचा मजबुतीचा पट्टा किंवा नवीन फास्टनरची (रिव्हेट-बोल्टची) ओळ रिपेअरवरून जाते तिथे लाल खूण. प्रत्येक लाल खुणेसाठी एसटीसी धारकाकडून वेगळं उत्तर लागेल, आणि ते उत्तर चेक सुरू व्हायच्या आधी हातात हवं.

आमच्याकडे एकदा रेकॉर्ड अगदी स्वच्छ होतं. मी तरीही आधीच्या लाइन चेकमधे (नेहमीच्या छोट्या तपासणीत) टॉर्च घेऊन टिपच्या खाली गेलो, पेंटमधे एका ठिकाणी सहा फास्टनरची डोकी बाकीच्यांपेक्षा किंचित मोठी दिसली. ओव्हरसाइझ. म्हणजे कोणीतरी कधीतरी भोकं मोठी करून फास्टनर बदललेत आणि लिहिलं नाही. त्यातली चार नेमकी किटच्या पट्ट्याखाली येत होती. ते तेव्हा सापडलं म्हणून तीन आठवड्यांचा पत्रव्यवहार विमान उडत असताना झाला, हँगरमधे उभं असताना नाही.

✅ चेक: रेकॉर्डवर विसंबू नका. स्लॉटच्या निदान दोन महिने आधी स्ट्रक्चरचा माणूस पाठवून दोन्ही टिप प्रत्यक्ष बघा, फोटो काढा, फास्टनरच्या डोक्यांचा साइझ मोजा.

४. बेसलाइन मोजा, आत्ताच

विंगलेटनं किती वाचलं हे नंतर सिद्ध करायचं असेल तर आधीचा क्रूझ फ्युएल फ्लो त्याच विमानाचा हवा. काही आठवड्यांचा स्थिर क्रूझ डेटा जमवून ठेवा.

आणि एक गंमत लक्षात ठेवा, विंगलेट बहुतेक वेळा मोठ्या चेकसोबत लावतात. त्याच चेकमधे इंजिन वॉश होतं, कंट्रोल सरफेसेस रिग होतात (मापात जुळवले जातात), दारांची सील्स बदलतात. विमान बाहेर येतं ते सगळ्याच बाजूनं सुधारून आणि श्रेय जातं विंगलेटला. मग पुढच्या विमानाला तेवढं वाचत नाही तेव्हा सगळे डोकं खाजवतात. चेकमधे इंजिनवर आणि रिगिंगवर काय काय केलं याची नोंद बेसलाइनला जोडून ठेवा म्हणजे झालं.

५. किट आलं की पेटी उघडा

पेटी तशीच कोपऱ्यात ठेवून चेकच्या दिवशी उघडायची सवय मोडा. पार्ट नंबर, रिलीज सर्टिफिकेट, सीलंटची एक्सपायरी, फास्टनरची संख्या आणि ग्रिप लेंग्थ हे सगळं मोजा. जुन्या विंगमधे स्किन आणि शिमची (फट भरायच्या पातळ पत्र्याची) जाडी ड्रॉइंगपेक्षा थोडी वेगळी निघते, त्यामुळे एक साइझ वरचे-खालचे आणि ओव्हरसाइझ फास्टनर आधीच मागवून ठेवा. रीमर (भोक मापात आणणारं हत्यार), कोल्ड वर्किंगचे (भोक आतून ताणून मजबूत करण्याचे) मँड्रेल, स्लीव्ह आणि गेज यांचंही तसंच. एका मँड्रेलसाठी अख्खी शिफ्ट बसून राहते.

६. विमान तयार करणं: डिफ्युएल, हवा, आधार

विंगच्या टोकाकडे सर्ज टँक (जादा इंधन आणि व्हेंटची टाकी) असते आणि तिच्या आतल्या बाजूला मेन टँक. म्हणजे मजबुतीचं बरंच काम टँकमधे घुसून करायचंय. डिफ्युएल करा, संप (टाकीचा तळ) ड्रेन करा, व्हेंटिलेशन लावा, मग मीटरनं मोजा. बाष्प ज्वलनशीलतेच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत असल्याशिवाय कोणी डोकंसुद्धा आत घालायचं नाही. सकाळी एकदा मोजलं म्हणजे दिवसभर चाललं असं नाही, जुनं सीलंट खरवडलं की अडकलेलं इंधन बाहेर येतं आणि रीडिंग चढतं. बाहेर एक माणूस कायम उभा, आणि त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

मग शोरिंग, म्हणजे विंगला खालून टेकू. किटच्या सूचनांत सांगितलेल्या पॉइंट्सवरच विंगला आधार द्या, जॅकिंगचा क्रमही तोच ठेवा. विंग लटकलेल्या किंवा वाकलेल्या अवस्थेत तुम्ही नवीन पट्टे ठोकले तर तो ताण कायमचा आत बंद होतो.

⚠️ शोरिंग लागल्यावर त्याच विमानावर लँडिंग गिअर किंवा इंजिन काढायचं काम दुसऱ्या टीमनं सुरू करायचं नाही. ऐकायला उघड वाटतं, पण मोठ्या चेकमधे सगळ्यांना घाई असते आणि टास्क कार्ड वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात.

७. जुनी भोकं तपासा, मगच ड्रिल

जुनी टिप काढली, ठरलेले फास्टनर काढले की लगेच ड्रिल मशीन उचलू नका. उघडी झालेली भोकं एडी करंटनं (विजेच्या प्रवाहानं क्रॅक शोधायची पद्धत) तपासा. गंज बघा, खासकरून रिबच्या कडेला आणि जिथे पाणी साचतं तिथे. क्रॅक सापडली तर आता सापडलेली बरी.

एज डिस्टन्स मोजा. साधारण नियम असा की भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, पण तुमच्या ड्रॉइंगमधे जे लिहिलंय तेच खरं. ओव्हरसाइझ करून करून भोक कडेकडे सरकलेलं असतं, तिथे परत मोठं करायला जागा उरत नाही, आणि मग तेवढ्यासाठी नवीन डिस्पोझिशन (काय करायचं याचा इंजिनिअरिंग निर्णय) मागवावं लागतं.

८. मजबुती: इथे घाई करू नका

विंगलेटमुळे टोकाकडचा लोड वाढतो आणि मुळाकडचा बेंडिंग मोमेंटही (वाकवणारा जोरही) वाढतो. त्यासाठीच हे पट्टे, स्ट्रिंगरचे जोड, रिबचे नवे भाग. काही मॉडेल्सवर फ्लटर (विंगचा धोकादायक थरथराट) टाळण्यासाठी टोकाला बॅलास्ट वजनही लागतं, ते बघून लोक म्हणतात "इंधन वाचवायला आलो आणि लोखंड बांधताय?" ते वजन हिशोबानं ठेवलेलं आहे, एक तुकडासुद्धा कमी करायचा नाही.

जिथे कोल्ड वर्किंग सांगितलंय तिथला क्रम असा:

१. सुरुवातीच्या साइझचं भोक रीम करा
२. गो-नो-गो गेजनं (माप बसतं की नाही ते सांगणाऱ्या) तपासा
३. स्लीव्ह मँड्रेलवर चढवा, तिची चीर ड्रॉइंगमधे दाखवलेल्या दिशेलाच ठेवा
४. ओढा, परत गेज लावा
५. शेवटचं रीमिंग, मग फास्टनर

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पाच नंबरचं रीमिंग आधीच करून टाकणं, म्हणजे भोक सरळ फायनल साइझला. मग कोल्ड वर्किंग करायला मापच उरत नाही. हे सहसा रात्रीच्या शिफ्टला होतं, कारण दिवसाच्या माणसानं अर्धी ओळ केलेली असते आणि कुठली अर्धी ते सांगितलेलं नसतं. साधा उपाय आहे, प्रत्येक भोकाशेजारी टेपवर मार्करनं टप्प्याचा आकडा लिहा. दिसायला बालवाडीसारखं दिसतं पण काम करतं.

फास्टनर ओले, म्हणजे सीलंट लावून बसवायचे. कार्बन फायबर आणि अॅल्युमिनियम थेट एकमेकांना लागले तर अॅल्युमिनियम गंजतं, त्यामुळे मधला आयसोलेशनचा थर कुठेही खरवडला जाऊ देऊ नका. आणि कार्बनमधे भोक पाडताना मागून लाकडाचा किंवा तत्सम ठोकळा धरा, नाहीतर बाहेर पडताना थर उलगडतो.

✅ बंद करण्याआधी: टँकमधून प्रत्येक चुरा, कापड, टेपचा तुकडा काढा. आत गेलेल्या वस्तूंची यादी आणि बाहेर आलेल्या वस्तूंची यादी जुळली पाहिजे. सर्ज टँकचा व्हेंट मोकळा आहे ना ते डोळ्यांनी बघा, व्हेंट बंद राहिला तर टँकवर जो दाब येतो त्यापुढे बाकीची चूक किरकोळ.

सीलंटच्या क्युअर वेळेबद्दल एकच, ती तापमान आणि आर्द्रतेवर अवलंबून असते. कोरड्या थंड हँगरमधे डब्यावरचे तास धरून चालू नका. त्याच बॅचचा छोटा नमुना बाजूला ठेवा आणि त्याला नख लावून बघा.

९. आता कुठे विंगलेट

होइस्ट, स्लिंग, दोन्ही बाजूला माणसं, आणि हँगरची दारं बंद. ७६७ चं विंगलेट तीन मीटरच्या वर उंच असतं, वाऱ्याची झुळूक आली तर ते शिडासारखं वागतं.

आधी सुकं बसवून बघा. गॅप मोजा. गॅप जास्त आला तर बोल्ट आवळून तो बंद करायचा मोह होतो, तो आवरा, तिथे शिमच लागतो. बोल्टनं ओढून बसवलेला जोड त्या दिवशी सुंदर दिसतो आणि दोन वर्षांनी क्रॅक देतो. टॉर्क दिलेल्या क्रमानं, दिलेल्या टप्प्यांत.

मग वायरिंग. पोझिशन लाइट आणि स्ट्रोबच्या वायर वाढतात किंवा त्यांचा रूट बदलतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. हसू नका, जुळ्या कनेक्टरमुळे उलटं लागलेलं मी बघितलंय. बाँडिंगचं (भागांमधल्या विद्युत जोडणीचं) रीडिंग मिलिओहम मीटरनं घ्या, पेंट करायच्या आधी घ्या, कारण वीज पडली तर तिला याच वाटेनं जायचंय. स्टॅटिक विक (स्थिर वीज बाहेर सोडणाऱ्या काड्या) मोजून बसवा.

१०. इंधन भरा, गळती बघा, वजन करा

टँक भरून दिलेल्या वेळेपर्यंत ठेवा, खालून सफेद पावडर किंवा डेव्हलपर मारून गळती बघा. नंतर विमान खरंखुरं तोला. कागदावर किटचं वजन मिळवून नवीन रिकामं वजन काढणं काही ठिकाणी चालतं, पण जुन्या विमानात इतकं काय काय साचलेलं असतं की तराजूवरचा आकडा बघितलेला बरा. सीजी (गुरुत्वमध्य) कुठे सरकला ते बघा. झिरो फ्युएल वेटच्या (इंधन सोडून विमानाच्या वजनाच्या) मर्यादेत एसटीसीनं काही बदल केलाय का तेही इथेच बघा.

११. कागद, आणि हा भाग कंटाळवाणा असला तरी विमान याच्यावरच अडतं

मेन्टेनन्स मॅन्युअल, पार्ट्स कॅटलॉग, वायरिंग डायग्रॅम, स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल यांची सप्लिमेंट्स. फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंट विमानात. एमईएल आणि सीडीएल (कुठली बंद उपकरणं आणि नसलेले भाग घेऊन उडता येतं त्या याद्या) मधे बदल. आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं, मेन्टेनन्स प्रोग्रॅममधे नवीन इन्स्पेक्शन्स. विंगलेट लागलं की विंगच्या काही जागांचे इन्स्पेक्शन थ्रेशोल्ड (पहिल्या तपासणीच्या मुदती) बदलतात, जुन्या तारखा तशाच चालू ठेवल्या तर तुम्ही नकळत ओव्हरड्यू व्हाल. हे कोरडं तत्त्वज्ञान नाही, विंगलेट लावलेल्या ७६७-३०० वर बाहेरच्या खालच्या विंग स्किनमधे क्रॅक आणि इंधन गळती सापडून त्यावर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (एडी, नियामकाचा सक्तीचा सुरक्षा आदेश) निघालंय. एडीची यादी विमानाच्या आणि एसटीसीच्या, दोन्ही नावांनी शोधा.

१२. ऑपरेशन्सला सांगितलं का?

विमान बाहेर आलं, फोटो निघाले, आणि फ्लाइट प्लॅनिंग सिस्टीममधे विमान अजून जुनंच. मग डिस्पॅच जुन्या आकड्यांनी जास्तीचं इंधन भरतं, ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन जळतं आणि महिन्यानं कोणीतरी विचारतं की बचत कुठे गेली. टेल नंबरनुसार परफॉर्मन्स डेटा, एफएमसीचा (विमानातल्या फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरचा) डेटाबेस, टेकऑफ कॅल्क्युलेशनचं टॅब्लेट अॅप, सगळं पहिल्या उड्डाणाआधी बदललेलं हवं.

पायलटना दोन ओळी लिहून द्या. विमान खाली येताना हवेत जास्त लांब जातं, म्हणून डिसेंट थोडा लवकर सुरू करावा लागतो, आणि रनवेवर तरंगायची सवय थोडी वाढते. क्रॉसविंडचे आकडे बदललेत का ते सप्लिमेंटमधून बघा. काही मॉडेल्सवर जास्त वजन आणि वेगाला स्पीडब्रेक मर्यादित करणारी सिस्टीम येते, ती माहीत नसेल तर पहिल्यांदा लिव्हर आपोआप हलताना बघून दचकायला होतं. फ्लीट मिक्स असेल, काही विमानं विंगलेटवाली काही बिनविंगलेटची, तर हे जास्तच महत्त्वाचं.

ग्राउंडलाही सांगा. मागे झुकलेल्या विंगचं टोक वळताना सरळ रेषेत असतं त्यापेक्षा बाहेरून फिरतं, टगवाल्याला जुन्या अंतराची सवय असते. विंगवॉकर दोन्ही बाजूला. डी-आयसिंगवाल्यांना सांगा की विंगलेटच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजू बघायच्या, ते गरम होत नाही.

१३. पहिलं उड्डाण आणि पहिले तीन महिने

पहिल्या उड्डाणात क्रूझमधे एलेरॉन आणि रडर ट्रिम (विमान सरळ ठेवायची दुरुस्ती) किती लागतो ते लिहून घ्या, आधीच्या बेसलाइनशी ताडून बघा. एका बाजूला ट्रिम वाढला असेल तर दोन्ही विंगलेट सारखे बसलेले नाहीत किंवा रिगिंगमधे काहीतरी आहे. "नवीन आहे, बसेल हळूहळू" असं म्हणून सोडू नका, धातू काही नवीन चप्पल नाही.

पहिले तीन महिने लाइन चेकमधे जोडाच्या कडेचं सीलंट आणि पेंट बघत राहा. पेंटमधे केसासारखी रेघ दिसली की ती हालचालीची खूण समजा आणि शिम तपासा. फास्टनरभोवती धुरासारखा काळसर डाग दिसला तर तो फास्टनर सैल आहे. आणि पहिल्या पावसाळी वादळानंतर टोक जवळून बघा, वीज पडू शकणाऱ्या जागांपैकी ती एक आहे.

काढलेल्या जुन्या विंगटिप्स भंगारात देऊ नका. साफ करून, गंजरोधक लावून, पार्ट नंबर आणि कुठल्या विमानाच्या ते टॅग करून पेटीत ठेवा, त्यांचे फास्टनर आणि जुने लाइट वेगळ्या पिशवीत. लीज परत करताना मालकानं मूळ टिप मागितल्या आणि त्या तुमच्याकडे नसल्या तर बाजारात त्या शोधायला गेल्यावर किंमत ऐकून बसावं लागतं.